हीट पंप गिझर : बॅकअप हीटर बंदच होत नाही, मदत हवी आहे

दर्यादेग
घर गोव्यात बाणावलीला, दर्याच्या अगदी जवळ. मागच्या ओट्यावर २०० लिटरचा हीट पंप गिझर (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा) आहे, टाकीवरच कॉम्प्रेसर बसवलेला. प्लेटवरचे आकडे : उष्णता १८०० वॅट, कॉम्प्रेसरला वीज ५५० वॅट, बॅकअप हीटर १५०० वॅट, गॅस आर-१३४ए. तापमान ५५ वर सेट आहे, मोड ऑटो, म्हणजे गरज पडली की हीटर आपोआप लागतो.

तक्रार अशी : कॉम्प्रेसर सुरू होतो, पण थोड्या वेळात हीटरचा दिवाही लागतो आणि तासन् तास जात नाही. पॅनेलवर ४७ दिसतं, नळाखाली थर्मामीटर धरला तर ५८. सब-मीटरवर रोज दोन-अडीच युनिट पडायचे, आता सहाच्या वर पडतात. सर्व्हिसवाला म्हणतो गॅस कमी झालाय, भरून घ्या. भरावा का? मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर घरात आहेत.

पोफळ
गॅस आत्ता भरू नका. आधी दोष कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे की कंट्रोलच्या, एवढंच ठरवा.

मोड इकॉनॉमीवर टाका, म्हणजे हीटरला हुकूमच जाणार नाही. दिवा विझला यावर विसंबू नका. हीटरकडे जाणाऱ्या एकाच वायरीभोवती क्लॅम्प लावा. १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेतो. इथे शून्य यायला हवं. दिवा विझलेला आणि करंट सहाच्या आसपास असेल तर रिलेचे, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटलेत. मग एमसीबी पाडा आणि रिले बदलेपर्यंत गिझर वापरू नका, कारण तेव्हा पाण्याला आवरणारा फक्त कटआउट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा) उरतो.

करंट शून्य असेल तर टाकीतलं गरम पाणी पूर्ण काढून गार पाण्यापासून सुरुवात करा. २०० लिटर पाणी एक अंश तापवायला ०.२३ युनिट उष्णता लागते, म्हणजे १८०० वॅटच्या पंपाने तासाला सात-साडेसात अंश चढले पाहिजेत. सुरुवात २७ ला झाली तर दोन तासांनी नळाला ४० च्या वर हवं. पंपात आत जाणाऱ्या आणि गार होऊन बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमानही मोजा. फरक पाच अंशांहून जास्त असेल आणि ड्रेनमधून (हवेतली ओल गार होऊन जमते, तिच्या नळीतून) पाणी ठिबकत असेल तर गॅसवर संशय घ्यायला जागा नाही.

आणखी एक. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा वीसच्या आसपास असतो. थंडीमुळे बॅकअप लागावा असं गोव्यात काही घडत नाही. तो रोज लागतोय म्हणजे कंट्रोलला काहीतरी चुकीचं कळतंय, किंवा पंप खरोखरच दमलाय.

तांबडी_माती
पोफळ यांची चाचणी योग्यच आहे, पण ४७ आणि ५८ मधल्या फरकावरून लगेच सेन्सरला दोषी धरू नका. नळाला पाणी टाकीच्या माथ्यावरून येतं, सेन्सर बहुतेक मॉडेलमध्ये खालच्या अर्ध्यात असतो. हीटर मध्यावर असेल तर त्याच्या वरचं पाणी तापतं आणि खालचं गारच राहतं. तेव्हा दहा अंशांचा फरक निव्वळ थरांचाही असू शकतो.

सोक्षमोक्ष ओहममध्ये लागतो. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, बोर्डाकडचा सेन्सरचा प्लग काढा आणि वायरीच्या टोकांवर रेझिस्टन्स मोजा. मग वाटेतला जोड उघडून फक्त सेन्सरच्या बाजूने मोजा. सेन्सर २५ अंशांना १० किलोओहमचा आणि बी-व्हॅल्यू (तापेल तसा रेझिस्टन्स किती वेगाने घटतो याचा आकडा) ३९५० असेल (मॅन्युअलमध्ये बघून घ्या, ५ आणि ५० किलोओहमचेही येतात) तर ४७ अंशांना साधारण ४ किलोओहम, ५८ ला साधारण २.७. दोन्हीकडे ४ आले तर सेन्सरपाशी खरंच ४७ आहे, किंवा तो टाकीतल्या त्याच्या पॉकेटमधून (खाचेतून) सरकलाय. आकडे वेगळे आले तर दोष जोडात.

दर्यादेग
दोन्ही केलं. इकॉनॉमीवर करंट शून्य. २७ पासून दोन तासांत नळाला ४१. हवेतला फरक ७ अंश, ड्रेन ठिबकतोय. रेझिस्टन्स : बोर्डाकडून ४.०, सेन्सरकडून २.७. जोडावर काळी इन्सुलेशन टेप होती, ती सोडवली तर आत पिना हिरव्या पडलेल्या. एक शंका : सकाळी गार टाकीत पॅनेल २४ दाखवत होतं, म्हणजे जवळजवळ बरोबर. मग गरम झाल्यावरच एवढं चुकतं कसं?

तांबडी_माती
गंजलेल्या पिनांनी वाटेत १.३ किलोओहमची भर घातलीय. २७ अंशांना सेन्सर स्वतःच नऊ किलोओहमच्या वर असतो, त्यात १.३ मिळाले तर तीनेक अंशांचीच चूक दिसते. पाणी तापेल तसा सेन्सरचा आकडा घसरतो, भर मात्र तेवढीच राहते, म्हणून ५८ ला अकरा अंश चुकतात. सेन्सर गार पाण्याच्या पेल्यात बुडवून ‘ठीक आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

दुरुस्ती : दोन्हीकडची वायर आतली तार चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा. तांबं काळं असेल तर आणखी मागे, कारण खारी हवा इन्सुलेशनच्या आतून चढत जाते. जुना प्लग टाकून द्या. टिनचा मुलामा असलेली वायर सोल्डर करून जोडा, प्रत्येक तारेवर वेगळी आणि वरून एक, अशी आतून गोंद असलेली हीट-श्रिंक चढवा. टेप नको, ती ओल धरून ठेवते. आंबूस वासाचं सिलिकॉनही नको, त्यातलं अ‍ॅसिड तांबं खातं. वायरीला जोडापुढे खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळून जाईल, जोडाकडे उतरणार नाही.

पोफळ
गॅसचा खर्च वाचला, बरं झालं. जोड केल्यावर बोर्डाकडून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तरच ऑटोवर जा. इव्हॅपोरेटरचा (हवेतली उष्णता घेणाऱ्या कॉइलचा) सेन्सर त्याच वायरिंगमध्ये असेल तर त्याचाही जोड आत्ताच बदला.

सेटिंग ५५ वरच ठेवा. बऱ्याच मॉडेलचा कॉम्प्रेसर ६० च्या आसपास थांबतो आणि त्यापुढचं सगळं काम हीटरकडे जातं. आठवड्यातून एकदा जंतूंसाठी ६० च्या वर नेणारं चक्र असेल तर त्या दिवशी दिवा लागणारच, त्याला बिघाड समजू नका. आणि मृगाआधी ओट्यावर ताडपत्री बांधाल तेव्हा पंख्यासमोरची बाजू मोकळी सोडा. तीच गार हवा पुन्हा आत ओढली गेली की पंप मंदावतो आणि ऑटोवर परत हीटरच लागतो.