ऊन लागून हमाल पडला तर गाडी येईपर्यंत काय करायचं?

आडत_कळमना:
मे महिन्यात दुपारी मिरचीची पोती उतरवताना हमाल कोसळतात. 108 ला फोन केल्यावर गाडी येईपर्यंत आम्ही काय करावं? अन् गाडीतला ईएमटी (तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) तिथंच थांबून उपचार करत बसला, तर सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलेलं बरं नाही का?

ईएमटी_प्रशिक्षक:
नाही भाऊ. उष्माघातात आधी थंड करायचं, मग हलवायचं. आतलं तापमान 40 अंशांवर आणि सोबत असंबद्ध बोलणं, झटके किंवा बेशुद्धी, म्हणजे उष्माघात. अंग कोरडंच असेल असं नाही. कष्टाच्या कामात घामानं चिंब माणसालाही तो होतो. पहिल्या अर्ध्या तासात तापमान 39 पर्यंत उतरलं पाहिजे. उशीर झाला की मेंदू, मूत्रपिंड, यकृत, सगळ्यांवर बेततं.

यार्डात ताडपत्री असतेच. चौघापाचजणांनी कडा धरून झोळी करा, माणूस आत निजवा, दीडेकशे लिटर पाणी आणि मिळेल तितका बर्फ ओता, झोळी हलवत राहा. एकानं फक्त डोकं सांभाळायचं, तोंड पाण्यावर. उलटी झाली तर लगेच कुशीवर. बर्फ नसेल तर कपडे काढून अंग सतत ओलं ठेवा आणि पंखा लावा. नुसतं ओलं करून भागत नाही, पाणी उडून जाताना उष्णता नेतं, म्हणून वारा हवाच.

रात्रपाळी_108:
गाडीतलं काम सांगतो. आधी श्वास आणि नाडी, गरज असेल तर ऑक्सिजन. मग ग्लुकोमीटर, कारण साखर 70 च्या खाली गेलेला माणूसही असाच बरळतो. तापमान गुदद्वारातून घ्यायचं. ओल्या काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो आणि सगळे गाफील राहतात. थंड सलाइन 500 मिली, मग रक्तदाब पाहून पुढचं. भराभर बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी होतं. 39 ला थंड करणं थांबवायचं, नाहीतर तापमान फार खाली घसरतं.

पॅरासिटामॉल देऊ नका. हा संसर्गाचा ताप नाही, त्यामुळे ती गोळी इथं लागू पडत नाही.

आडत_कळमना:
शुद्ध नसेल तर तोंडात पाणी टाकायचं का? इथं कांद्याचा रसही चोळतात.

ईएमटी_प्रशिक्षक:
थेंबभरही नको, श्वासनलिकेत जातं. कांद्यात वेळ जातो, तेवढ्यात झोळी होते. फोनवर गेट कोणतं ते सांगा, एकजण तिथं उभा करा. पडल्याची वेळ लिहून ठेवा, गाडीवाले पहिल्यांदा तीच विचारतील.