मदत हवी आहे: उबुंटू सर्व्हरवर प्रत्येक युजरला मेमरीची मर्यादा लागत नाही

प्रश्न

कॉलेजच्या लॅबमधला सर्व्हर आहे: उबुंटू २२.०४, १६ कोअर, ६४ जीबी रॅम. साधारण ४० विद्यार्थी एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे जोडून) लॉगिन करतात, सगळे 'स्टुडंट्स' ग्रुपमध्ये. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये या ओळी आहेत (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत):

@स्टुडंट्स हार्ड एएस २०९७१५२
@स्टुडंट्स हार्ड एनप्रॉक ५०

म्हणजे २ जीबी आणि ५० प्रोसेस. पण जावा सुरूच होत नाही, 'कॉम्प्रेस्ड क्लास स्पेस' मिळाली नाही म्हणून बंद पडतं. उलट पायथनचे १६ वर्कर लावणारा एकटा विद्यार्थी २० जीबीच्या पुढे जातो. व्हीएस कोड (कोड एडिटर) जोडला की टर्मिनलमध्ये 'फोर्क: रिट्राय', म्हणजे नवी प्रोसेस सुरू करता येत नाही, असं येतं. कुठे चुकतंय?

उत्तर

ओळी लागू होत आहेत, पण एएस म्हणजे रॅम नव्हे. ती व्हर्च्युअल ॲड्रेस स्पेसची, म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेल्या पत्त्यांच्या जागेची मर्यादा आहे. जावा क्लासच्या माहितीसाठीच १ जीबी ॲड्रेस स्पेस आधी राखून ठेवतं, हीपची (प्रोग्रामच्या डेटाची) वेगळी. प्रत्यक्ष वापर थोडा असला तरी राखलेली जागा मोजली जाते. शिवाय ही मर्यादा दर प्रोसेसला आहे, दर युजरला नाही. १६ वर्कर प्रत्येकी २ जीबी घेऊन ३२ जीबीपर्यंत बिनधास्त जातील. आरएसएसच्या (प्रत्यक्ष वापरलेल्या रॅमच्या मर्यादेच्या) वाटेला जाऊ नका, आजचा लिनक्स कर्नल ती मर्यादा पाळतच नाही.

एनप्रॉक युजरच्या सगळ्या लॉगिनचा मिळून हिशेब धरतं, पण थ्रेडही (प्रोसेसमधल्या समांतर चालणाऱ्या कामाच्या धाराही) मोजतं. व्हीएस कोडचा सर्व्हर आणि एक्स्टेन्शन्स मिळून ५० सहज ओलांडतात.

एएसची ओळ काढा, एनप्रॉक ५०० करा आणि रॅमचं काम सिस्टमडीकडे (उबुंटूच्या सेवा आणि सेशन सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) द्या. तो प्रत्येक युजरच्या सगळ्या प्रोसेस एका 'स्लाइस' नावाच्या गटात ठेवतो. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/युजर-.स्लाइस.डी/५०-लॅब.कॉन्फ ही फाइल करा. 'युजर' नंतरची आडवी रेघ विसरू नका, तिच्यामुळेच ती प्रत्येक युजरला लागते.

[स्लाइस]
मेमरीहाय=५जी
मेमरीमॅक्स=६जी
मेमरीस्वॅपमॅक्स=०
सीपीयूकोटा=४००%
टास्क्समॅक्स=५००

मेमरीहाय ओलांडली की वेग मंदावतो, मॅक्सला त्याच युजरची प्रोसेस मारली जाते, बाकीचे सुरक्षित. स्वॅप (रॅमऐवजी वापरलेली डिस्कवरची जागा) शून्य नसेल तर ६ जीबीनंतरचा भार डिस्कवर जाऊन सगळी मशीन रखडते. ४००% म्हणजे चार कोअर. मग सिस्टमडीला फाइली पुन्हा वाचायला लावण्यासाठी 'सिस्टमसीटीएल डीमन-रिलोड' चालवा.

इथे ग्रुप चालत नाही. ही फाइल ॲडमिनला आणि रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही) लागते. त्यांच्यासाठी युजर-०.स्लाइस.डी आणि युजर-१०००.स्लाइस.डी मध्ये (आकडा म्हणजे युजरचा क्रमांक: रूटचा ०, ॲडमिनचा सहसा १०००) ६०-मोकळे.कॉन्फ ठेवा, मेमरीमॅक्स, मेमरीहाय आणि टास्क्समॅक्स 'इन्फिनिटी', सीपीयूकोटा रिकामा. नावात ६० हवेच: फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, नंतरची जिंकते.

प्रश्नकर्ता

स्लाइसमध्ये ६ जीबी दिसतंय, धन्यवाद. पण काहींना 'यूलिमिट -यू' (प्रोसेसची मर्यादा दाखवणारी आज्ञा) अजून ५० दाखवतं. आणि रूटवरून 'एसयू -' करून (विद्यार्थ्याच्या खात्यात शिरून) पाहिलं तर मेमरीची मर्यादा लागतच नाही.

उत्तर

लिमिट्स.कॉन्फ लॉगिनच्या वेळीच वाचली जाते, पुढे प्रत्येक प्रोसेसला आईबापाकडून वारसा मिळतो. जुना टीमक्स (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) किंवा व्हीएस कोडचा सर्व्हर जिवंत असेल तर त्यात उघडलेलं नवं टर्मिनलही ५० वरच राहतं. विद्यार्थ्याला काम सेव्ह करायला सांगा, मग 'लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर'ने त्याची सगळी सेशन बंद करा आणि नवं लॉगिन करायला लावा.

एसयू केल्यावर तुम्ही रूटच्याच सेशनमध्ये राहता, विद्यार्थ्याच्या स्लाइसमध्ये जात नाही. चाचणी खऱ्या एसएसएच लॉगिननेच करा.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा: लिमिट्स.कॉन्फ बदलताना रूटचं एक सेशन उघडं ठेवा. एनओफाइलला (उघड्या फाइलींच्या मर्यादेला) 'अनलिमिटेड' किंवा कर्नलच्या एनआर_ओपन या कमाल आकड्यापेक्षा (सहसा १०४८५७६) मोठा आकडा दिला, तर मर्यादा लावणंच फसतं आणि लॉगिन नाकारलं जातं.