मदत हवी आहे : घोडी दुसऱ्यांदा गाभडली, कारण कसे कळेल?

तापीकाठ : आमच्या मारवाडी घोडीने काल पहाटे मेलेले शिंगरू टाकले. गेल्या वर्षीही तिचा गाभ गेला होता. गावात कोणी उष्णता म्हणतो, कोणी नजर. कोणत्या तपासणीतून नेमके कारण कळेल, एवढेच कृपया लवकर सांगावे.

माणदेशी_स्वार : घोडी ११ महिने गाभण असते, त्यांपैकी कितव्या महिन्यात हे झाले? वय, लस, जार (वार) पडली की नाही, यांतले आपण काहीच लिहिलेले नाही.

जुना_नालबंद : तपासण्यांत पैसे घालवू नका. मी पहिल्या महिन्यापासून शतावरी देतो आणि माझ्या घोडीला तीन शिंगरे सुखरूप झाली.

निवृत्त_पशुवैद्य : नालबंदकाका, शतावरीने विषाणू मरत नाही. तापीकाठ, माहिती द्या.

तापीकाठ : वय १४, नववा महिना, लस दिलेली नाही. गेल्या वर्षी सोनोग्राफीत १६व्या दिवशी गर्भ दिसला होता, ५०व्या दिवशी नव्हता. शिंगरू कालच पुरले. जार पोत्यात आहे.

लाल_लगाम : आता काठियावाडी घोडा लावून पाहा, शिंगरू काटक निपजते.

निवृत्त_पशुवैद्य : तो प्रश्न कोणी विचारलेला नाही. दोन्ही वेळा एकच कारण असेल, हे मात्र गृहीत धरू नका. वय वाढलेल्या घोडीत गर्भाशयाच्या जुन्या सुजेमुळे पहिल्या दोन महिन्यांत गर्भ जिरून जातो; नवव्या महिन्यात मात्र अश्व हर्पीस विषाणू, जारेचा जंतुसंसर्ग किंवा नाळेला पडलेला पीळ यांचा विचार करावा लागतो. हातमोजे घालून जार पसरा आणि गर्भाशयमुखाकडचा भाग जाड, तपकिरी व चिकट आहे का ते पाहा, कारण योनिमार्गाने वर चढलेला संसर्ग बहुधा तेथूनच सुरू होतो. अशा संसर्गात कास बहुधा वेळेआधीच भरते; तशी भरली होती का?

माणदेशी_स्वार : आमच्याकडे नाळेला पीळच निघाला होता, तोही पाहावा.

निवृत्त_पशुवैद्य : पाहावाच, पण निरोगी शिंगराच्या नाळेलाही थोडे पीळ असतात, त्यामुळे सूज किंवा रक्त साकळल्याची खूण नसेल तर तेवढ्यावर निदान करू नये.

तापीकाठ : कास भरली नव्हती, स्रावही नव्हता. जार सगळीकडे सारखीच दिसते. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली एक घोडी तीन आठवड्यांपासून त्याच पागेत आहे आणि मध्ये तिचे नाक वाहत होते. त्याचा संबंध असेल असे वाटले नाही, म्हणून लिहिले नव्हते.

निवृत्त_पशुवैद्य : हेच पहिल्या ओळीत हवे होते! हर्पीस विषाणू अशा वाहत्या नाकातूनही पसरतो. हर्पीसमध्ये बहुतेक वेळा कोणतीही पूर्वसूचना न देता, सातव्या महिन्यानंतर घोडी गाभडते. दोन्ही घोड्या आजच वेगळ्या बांधा. शिंगरू उकरून काढा आणि जारेसह बर्फात ठेवा, पण गोठवू नका. फुप्फुस, यकृत, प्लीहा यांचे नमुने पशुवैद्यकांकडूनच काढून घ्या आणि ते पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवावेत की हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात, हे त्यांनाच विचारा. पागेत आणखी कोणी गाभण आहे का?

तापीकाठ : एक आहे, सातव्या महिन्यात. तिला आत्ताच मळ्यातल्या छपरात हलवतो.