बर्फाखालच्या तपकिरी सरोवरात सीओटू आणि फॉस्फेटचे आकडे जुळत नाहीत

तळगाळ (प्रश्न):
बोरियल (उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी जंगलांच्या) पट्ट्यातलं लहान सरोवर, कमाल खोली ११ मीटर, मार्चमधले नमुने, वर बर्फ. पाणी गडद तपकिरी, विरघळलेला सेंद्रिय कार्बन (डीओसी) १८ मिग्रॅ/लि.

५ मीटरवर पीएच ५.९, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) ६० मायक्रोइक्विव्हॅलंट/लि., तापमान ४° से. यावरून सीओटूचा आंशिक दाब काढला तर सुमारे ३,९०० मायक्रोअॅटमॉस्फिअर येतो. त्याच पाण्याचा हेडस्पेस पद्धतीने (सिरिंजमध्ये ३० मिली पाणी, ३० मिली हवा एकत्र हलवून त्या हवेतला सीओटू मोजायचा) २,०००. खरा कुठला?

दुसरं म्हणजे १० मीटरवर ऑक्सिजन ०.२ मिग्रॅ/लि.पेक्षा कमी, पीएच ६.७. न गाळलेल्या पाण्यात एकूण फॉस्फरस १४० मायक्रोग्रॅम/लि., पण गाळलेल्यात फॉस्फेट फक्त ६. ऑक्सिजन संपला की गाळातून फॉस्फेट सुटतं ना? नमुने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गाळले. बाटल्यांच्या तळाशी नारिंगी साका दिसत होता.

आयनमित्र:
सीओटूपुरतं बोलायचं तर हेडस्पेसवर विश्वास ठेवा. तुमचं गणित सगळी अल्कलिनिटी बायकार्बोनेटची धरतं. तपकिरी पाण्यात तसं नसतं. ह्युमिक आम्लांवर (पाण्याला तपकिरी रंग देणारे, कुजलेल्या वनस्पतींतले पदार्थ) दर मिलिग्रॅम कार्बनमागे ढोबळमानाने १० मायक्रोइक्विव्हॅलंट कार्बोक्सिल गट असतात. टायट्रेशन करताना (थोडं थोडं आम्ल घालत अल्कलिनिटी मोजताना) पीएच ४.५ पर्यंत उतरवला की त्यातले काही प्रोटॉन घेतात आणि अल्कलिनिटी म्हणून मोजले जातात. दीड-दोन जरी घेतले तरी १८ मिग्रॅला २७ ते ३६ झाले. म्हणजे तुमच्या ६० पैकी निम्मे बायकार्बोनेट नाहीतच. तेवढे वजा करून बघा, उत्तर २,००० च्या आसपास येईल.

शिवाय इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात पीएचचा इलेक्ट्रोड सावकाश स्थिरावतो. ०.१ ची चूक म्हणजे सीओटूत २५ टक्के फरक, ०.३ ची म्हणजे दुप्पट. अशा पाण्यात पीएचवरून सीओटू काढूच नये, असं माझं मत.

बुडबुडा:
हेडस्पेसही आंधळेपणाने नको. तीन ठिकाणी घोळ होतो.

तापमान. सीओटूची विद्राव्यता ०° ला ०.०७७ मोल/लि./अॅटमॉस्फिअर, २०° ला ०.०३९, म्हणजे निम्मी. सिरिंज हलवताना पाणी तापतं. म्हणून समतोलाच्या वेळचं, सिरिंजमधल्या पाण्याचं तापमान नोंदवायचं आणि वायूच्या मापावरून पाण्यातलं एकूण प्रमाण त्या तापमानाने काढायचं. सरोवराचं तापमान फक्त शेवटी आंशिक दाबात बदलताना येतं. दोन्हीकडे एकच तापमान घातलेल्या वर्कशीट सर्रास फिरतात.

हवा. हेडस्पेससाठी बाहेरची हवा वापरत असाल तर तिचं स्वतंत्र माप घ्या आणि वजा करा. बर्फातल्या भोकावर वाकून सिरिंज भरली तर श्वासातला सीओटू आत जातो.

टिकवणं. मर्क्युरिक क्लोराइड घालून बाटल्या साठवू नका. कमी अल्कलिनिटीच्या पाण्यात ते पीएच खाली ओढतं, उरलेलं बायकार्बोनेट सीओटू बनतं आणि आकडा फुगतो. समतोल भोकाशेजारीच साधा, दोन मिनिटं जोरात हलवा आणि फक्त वायू कुपीत न्या. थंडीत स्टॉपकॉकमध्ये पाणी गोठतं, म्हणून सिरिंजा थर्मल पिशवीत ठेवा.

चुनखडीच्या प्रदेशातलं, जास्त अल्कलिनिटीचं पाणी असेल तर हेडस्पेसलाही कार्बोनेट समतोलाची दुरुस्ती लागते, कारण सीओटू वायूत गेला की बायकार्बोनेट ती तूट भरून काढतं. तुमच्याकडे ती नगण्य.

लोहार:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाटलीच्या तळाशीच आहे. तळच्या पाण्यात लोह फेरस रूपात विरघळलेलं असतं. हवा लागली की ते फेरिक हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि फॉस्फेट सोबत धरून नेतं. गाळलंत तेव्हा ते फिल्टरवर अडकलं. १४० बरोबर, ६ चुकीचा.

आयनमित्र:
पुस्ती: हे ऑक्सिडेशन पीएचवर फार अवलंबून. पीएच एकने घटला की वेग साधारण शंभरपट कमी. त्यामुळे ५.९ च्या पाण्यात तुम्हाला वेळ मिळतो, पण ६.७ वाल्यात नाही. त्यात वर आणलेल्या पाण्यातून सीओटू उडतो, पीएच चढतो, प्रयोगशाळेत पाणी तापतं. रात्रभरात काम पूर्ण.

लोहार:
बरोबर. म्हणून पाणी हवेत येऊच द्यायचं नाही. पंपाच्या नळीचं तोंड सिरिंजला थेट जोडा, बुडबुडा न येऊ देता भरा, ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून लगेच गाळा, पहिले ५ ते १० मिली फेकून द्या. दोन कुप्या भरा. एक साधी, मॉलिब्डेटसाठी (फॉस्फेट मोजायची रंगचाचणी), जी त्याच दिवशी वाचायची. दुसरीत आधीच थोडं आम्ल, लोह आणि एकूण विरघळलेल्या फॉस्फरससाठी. आम्लात ह्युमिक पदार्थ साकळतात, म्हणून ही कुपी पर्सल्फेटने पचवूनच (सेंद्रिय पदार्थ मोडूनच) वापरा. मॉलिब्डेटची दर नमुन्याला रंगाची ब्लँक घ्या (पाण्याचा स्वतःचा रंग मोजून वजा करा), तपकिरी पाणी त्याशिवाय फसवतं.

डीओसीचा नमुना गोठवू नका. वितळल्यावर ह्युमिक गुठळ्या होतात, त्या परत पूर्ण विरघळत नाहीत. ४° वर, अंधारात, आम्ल घालून. २५४ नॅनोमीटरवर शोषण मोजणार असाल तर त्यासाठी आम्लाशिवायचा भाग ठेवा आणि लोहाची दुरुस्ती करा, कारण फेरिक लोह तिथे स्वतः प्रकाश शोषतं.

तळगाळ:
समजलं. मग तळाशी १४० आहे तर बर्फ वितळल्यावर शैवालाचा स्फोट होणार का?

बुडबुडा:
तसं गृहीत धरू नका. वसंतात सरोवर ढवळलं की ऑक्सिजन खाली जातो, लोह पुन्हा फेरिक होतं आणि बराचसा फॉस्फरस गाळात परततो. तळाशी सल्फाइड तयार होत असेल तर लोह आयर्न सल्फाइडमध्ये अडकतं, मग धरायला कमी उरतं. सल्फाइड सल्फेटपासून बनतं, म्हणून सल्फेट मोजून ठेवा. उरलेल्यातलाही काही भाग ह्युमस-लोहाच्या गुंत्यात असतो, आणि इतक्या गडद पाण्यात प्रकाशाचीच टंचाई.

फॉस्फरस मोकळा मिळाला तर मात्र कार्बन अडवत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या एक्स्पेरिमेंटल लेक्स एरियात २२७ क्रमांकाच्या सरोवराला १९६९ पासून नायट्रोजन आणि फॉस्फरस घातला, कार्बन नाही. तरी शैवाल माजलं, लागणारा कार्बन हवेतून आला. १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचं सरोवर पडद्याने विभागून दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन दिला, फॉस्फरस एकीकडेच. शैवाल तिथेच माजलं.

वितळण सुरू झाल्यावर नमुने घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. ०° चं वितळलेलं पाणी हलकं असल्याने बर्फाच्या लगेच खाली पातळ थरात पसरतं, त्यात गॅस फार कमी. खोली बर्फाच्या खालच्या पृष्ठभागापासून मोजा, त्या थरातले आणि त्याखालचे नमुने वेगळे घ्या.