दीड वर्षाच्या प्रत्येक बाळाची ऑटिझमसाठी तपासणी सक्तीची करावी का?

मनीषनगरची आई:
१६ ते २४ महिन्यांत बूस्टरसाठी बाळ दवाखान्यात जातंच. वजन, इंजेक्शन, भोकाड, पाच मिनिटांत बाहेर. ते बोटानं काही दाखवतं का, नावानं हाक मारली तर वळतं का, हे कोणी विचारत नाही. त्याच भेटीत एम-चॅट-आर ही ऑटिझमची शंका तपासणारी प्रश्नावली भरून घेणं सक्तीचं करा, असं माझं मत. २० प्रश्न, हो-नाही उत्तरं, पैसे लागत नाहीत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची अशी तपासणी करा म्हणते. आपण काहून थांबायचं?

हिंगणा रोडवाला:
ताई, त्याच अमेरिकेत सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञगटानं २०१६ मध्ये सांगितलं, की आईबापाला काही शंकाच नाही अशा लहान मुलांची सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ब्रिटनही सरसकट तपासणीची शिफारस करत नाही. आमच्या घरी दोन पोट्टे उशिरा बोलले, आता गप्प बसवावं लागते. उगा घाबरवून कशाला सोडता?

मनीषनगरची आई:
उशिरा बोलणारी मुलंही बोट दाखवतात नं भाऊ, आईला ओढत नेतात, हसून तिच्याकडे बघतात. प्रश्न त्याचेच आहेत, शब्द किती येतात याचे नाहीत. आणि हे निदान नाहीच. शंकेचे गुण ३ ते ७ आले, तर त्याच प्रश्नांवर आईशी पुन्हा सविस्तर बोलायचं. बरीच मुलं तिथंच सुटतात. ८ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट तज्ज्ञाकडे. २०१४ च्या अमेरिकन अभ्यासात सोळा हजारांवर मुलं होती. दोन्ही टप्प्यांनंतरही शंका राहिली, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ऑटिझम निघाला, पण सुमारे ९५ टक्क्यांच्या विकासात काही ना काही अडचण होतीच. मग फुकट घाबरलं कोण?

काटोलकर:
आकडे तिकडचे, ताई. इकडे कागद सासूच्या हाती पडला की पहिला प्रश्न "सुनेच्या माहेरी कोणाला होतं का?" मग थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा नागपूर, बसभाडं, बुडालेली मजुरी. तपासणी फुकट हो, पुढचं कोण देते? आधी तालुक्याला थेरपिस्ट बसवा, मग फॉर्म वाटा.

अंगणवाडीच्या ताई:
थोडं आतलं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असते, आणि विकासातला उशीर त्यांच्या यादीत आहेच. पण अनोळखी डॉक्टर पाहून दीड वर्षाचं लेकरू आईच्या पदरात तोंड खुपसते. तेव्हा ते नजर देते की नाही, काय कळणार? म्हणून घरच्यांना विचारणंच बरं. फक्त आईला एकटीला नको. ती बिचारी भीतीनं सगळ्याला "हो" म्हणते. दिवसभर सांभाळणाऱ्या आजीला विचारा, खरं बाहेर येते.

हिंगणा रोडवाला:
आजीला विचारा हे पटलं. सक्ती नाही पटली.

काटोलकर:
माझा प्रश्न तसाच आहे. थेरपिस्ट?

मनीषनगरची आई:
तालुक्यात अशी मुलं किती, हे सरकारदरबारी कुठं लिहिलेलंच नसेल तर पद मंजूर कशाच्या जोरावर करायचं? ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, पण प्रमाणपत्राआधी निदान लागते आणि निदानाआधी कोणाला तरी शंका यावी लागते.

काटोलकर:
म्हणजे पद येईपर्यंत त्या आईनं कागद घेऊन बसायचं?

अंगणवाडीच्या ताई:
नाही नं भाऊ. पहिले कान तपासून घ्यायचे. "मूल बहिरं तर नाही, अशी शंका कधी आली का?" हा त्या २० प्रश्नांतलाच एक आहे. आणि नंबर लागेपर्यंत रोज त्याच्यासमोर खाली बसून, टीव्ही-मोबाइल बंद ठेवून खेळायचं. ते ज्याच्याकडे पाहीन त्याचं नाव घ्यायचं, त्यानं मागितल्याशिवाय बिस्कीट हातात द्यायचं नाही, नुसतं बोट केलं तरी चालते. मी माझ्या अंगणवाडीतल्या आयांना हेच सांगते, फॉर्म भरलेला असो की नसो.