मदत हवी आहे : शाळेतल्या कौन्सिलर मॅडमना मुलगी काय सांगते, ते आईला कळायला नको का?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल.

मुलगी आठवीत आहे. सातवीपर्यंत सांगलीत सेमीला होती. यांची बदली झाली म्हणून यंदा पिंपरी-चिंचवडला आलो आणि तिला सीबीएसईच्या शाळेत घातलं. दिवाळीनंतर दर सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, जंताचं औषध दिलं, काही निघालं नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत पोरगी ठणठणीत असते.

गेल्या आठवड्यात शाळेतून फोन आला, कौन्सिलर मॅडमना भेटा म्हणून. गेले तर कळलं की महिनाभर ती मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकटी बसून डबा खाते. शाळेतल्या मावशींनी पाहिलं आणि मॅडमना सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नाही. डबा रोज रिकामा येतो, मला कसं कळणार?

मॅडम बोलायला चांगल्या वाटल्या. आठवड्यातून एकदा तिला भेटेन म्हणाल्या आणि संमतीपत्र हातात दिलं. मी विचारलं, ती काय बोलते ते मला कळवाल ना? तर म्हणाल्या, "सगळं नाही." तिथेच माझं डोकं फिरलं. माझ्याच मुलीचं मलाच नाही? वर सासूबाई म्हणतात, उद्या दाखल्यावर काहीतरी लिहून देतील, पोरीवर शिक्का बसेल. कागद अजून पर्समध्येच आहे. सही करू का? आणि करायच्या आधी मॅडमना काय काय विचारून घेऊ?

निवृत्त_मास्तर : ३४ वर्षं शिकवलं. आमच्या वेळी हे काम वर्गशिक्षकच करायचे. एखादी चुणचुणीत मुलगी शेजारी बसवली की महिन्यात प्रश्न मिटायचा. कागद-बिगद काही नको.

पाटीपेन्सिल : मास्तर, ती चुणचुणीत मुलगीच त्रास देणारी निघाली तर? असं झालेलं मी पाहिलंय.

ताई, मी अकरा वर्षं शाळेत समुपदेशक आहे. तुमचा राग समजू शकते, पण "सगळं नाही" असं पहिल्याच भेटीत तोंडावर सांगणारी बाई मला तरी भरवशाची वाटते. "हो हो, सांगते" म्हणून तुम्हाला गोड लावणं सोपं होतं. खोलीत बोललेलं संध्याकाळी स्वयंपाकघरात निघतं हे मुलांना एकदा कळलं, की ती पुढच्या वेळी फक्त "काही नाही मॅडम, बरंय" एवढंच म्हणतात.

पण "सगळं नाही" म्हणजे "काहीच नाही" असंही नव्हे. मूल स्वतःच्या जिवाला काही करून घेईल अशी शंका आली, किंवा कोणापासून त्याला धोका असला, तर आईवडिलांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे आमचीही गुप्तता चालत नाही. हे अपवाद मुलीलाही आधीच सांगतात का, ते जरूर विचारा.

दुसरं म्हणजे मॅडमच्या नोंदी कुठे राहतात? कुलूपबंद कपाटात, की स्टाफरूमच्या टेबलावर? मुख्याध्यापक मागतील तेव्हा देणार का? खरं सांगायचं तर हा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. मुलांचा विश्वास मोडतो तो बहुतेक वेळा शाळेच्याच माणसांकडून. वर्गात सगळ्यांसमोर "जा, कौन्सिलरकडे पाठवलंय तुला" असं ओरडून सांगणारे शिक्षक मी रोज बघते. शिक्षा म्हणून पाठवलेलं मूल काय बोलणार? त्यात शिक्षक गैरहजर असले की ऑफ तासांवर आम्हालाच धाडतात. सकाळी ज्या पोराचं रडणं ऐकलं, दुपारी त्यालाच "गप्प बस" म्हणायचं.

दाखल्याची काळजी सोडा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" हा रकाना असतो आणि त्यात "चांगली" लिहितात. समुपदेशनाला तिथे जागाच नाही.

आणि एक. आम्ही औषधं देत नाही. दुखणं आमच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. तसं वाटलं तर कधी आणि कसं सांगणार, हेही विचारून घ्या.

दोन_पोरांचा_बाप : आमच्या थोरल्याला सहावीपर्यंत सगळे "आळशी" म्हणायचे. मीही. फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, तोंडी मात्र सगळं येतं, हे शाळेतल्या समुपदेशक बाईंनी हेरलं. पालिकेच्या रुग्णालयात तपासणी झाली, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, दहावीच्या बोर्डाला जादा वेळ मिळाला. मुंबईत शीव आणि नायरला ही तपासणी होते. तुमच्या मुलीचं असंच असेल असं नाही. पण मराठीतून एकदम इंग्रजीत आलीय म्हणता, तर वर्गात वाचायला उभं केलं की काय होतं ते बघायला सांगा.

मांजराकाठची : तुमच्याकडे मॅडम तरी आहेत! आमच्या भाचीच्या शाळेत, लातूर जिल्ह्यात, असं पदच नाही.

पाटीपेन्सिल : सीबीएसईच्या २०१८ च्या मूळ नियमावलीत समुपदेशक पूर्णवेळ हवा असं होतं. नववी ते बारावीची मुलं ३०० पेक्षा कमी असतील तर अर्धवेळ चालायचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शाळा समितीच्या बैठकीत हे कागदावर मांडा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइनचा १०९८.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. काल भेटून आले. नोंदी मॅडमच्याच कपाटात असतात, किल्ली त्यांच्याकडेच. अपवाद मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले होते म्हणे, घरी विचारलं तर तिने घडाघडा म्हणून दाखवले. मी सही केली. दर महिन्याला मॅडम मला भेटणार आणि काय सांगायचं ते आधी मुलीला विचारणार, असं ठरलं.

वाचायचंही विचारलं. इंग्रजीच्या तासाला तिच्या उच्चारांची नक्कल होते, एवढं सांगायला मुलीने परवानगी दिली होती. तो तास सोमवारी पहिलाच असतो.

एक अडचण उरली. भेटीची वेळ ठेवलीय शुक्रवारच्या पीटीच्या तासाला, आणि खो-खोमुळे तिला आवडणारा तो एकच तास आहे. बदलून मागितलं तर मॅडमना जास्तीचं वाटेल का?

पाटीपेन्सिल : आजच मागा. तो तास तिच्याकडून काढून घेऊ नका.