न सुटणारा बोल्ट: लिहा तुमचे अनुभव

गोटीपाना
काल सकाळी मुलाने हाक मारली, "बाबा, फरशीवर काळा डाग पडलाय." वाकून बघतो तर मोटरसायकलच्या ड्रेन बोल्टला, म्हणजे इंजिनचं तेल काढायच्या बोल्टला, तेलाचा थेंब लोंबतोय. गेल्या वेळी जुनाच वायसर ठेवून, गळू नये म्हणून बोल्ट जीव खाऊन आवळलेला दिसतो. सतराचा रिंग पाना लावला, सगळा भार दिला, ढिम्म हलला नाही.

आणि एकदम विहिरीवरचं इंजिन आठवलं. १९९१चा उन्हाळा, ऊस सुकायला लागलेला आणि डिझेल इंजिनच्या साईड कव्हरमधून तेल पाझरत होतं. पॅकिंग बदलायचं होतं. बाकीचे बोल्ट सुटले, एक गंजून एकजीव झालेला. मी आठवीत. पान्याला पाईप घालून लोंबकळायला निघालो तर बाबांनी पाना काढून घेतला. ते एसटीच्या कार्यशाळेत फिटर होते. वायर ब्रशने बोल्टभोवतीचा गंज घासला, रॉकेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली आणि म्हणाले, "आता घरी चल."

दुसऱ्या सकाळी बोल्टच्या डोक्यावर सरळ, हलके वीस-पंचवीस ठोके. मग माझा हात पान्यावर ठेवून वर स्वतःचा ठेवला आणि बोल्ट आधी आवळायच्या दिशेने किंचित ढकलला. टक्. आट्यातून लाल भुकटी सांडली. पाव फेरा मागे, जरा पुढे, परत मागे, मध्ये रॉकेलचा थेंब. पाऊण तास गेला, पण बोल्ट अख्खा हातात आला. त्यांच्या तळहाताचा तो दाब पाना धरला की अजून जाणवतो.

तुमचा असा कुठला बोल्ट?

डिझेल_दादा
इंजिन पाच मिनिटं चालव, मग उघड. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरतं, पकड सैल पडते. सहा कोनी गोटी (बोल्टवर टोपीसारखा बसणारा पाना) लाव, बारा कोनी नको, डोकं गोल होईल. तेल गरम असेल, हात सांभाळ.

मालवणचो
आमच्याकडे खारा वारा. क्लच कव्हर ॲल्युमिनियमचं, स्क्रू स्टीलचे, मध्ये पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही चिकटून बसतात. २०१४ साली पॅकिंग बदलायला घेतलं, तिसऱ्या स्क्रूचं डोकं मोडलं. भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे मोडका स्क्रू काढायचं हत्यार, घातला तर तोही आत मोडला. तो एवढा कडक असतो की साधा ड्रिल त्यावर चालत नाही. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी लेथवाल्या काकांनी मोडक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला, लाली उतरेपर्यंत थोडे थांबले, पाना लावला आणि लोण्यासारखा फिरला. पैसे घेईनात. घरून सुकट नेऊन दिली.

सांगलीची_निशा
गोटीपानादादा, बाबांचं वाचून डोळे भरले. माझे वडीलही असेच, हात धरून शिकवायचे.
आमच्या ट्रॅक्टरच्या टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) तेल यायचं. दीर आवळत राहिले, कव्हरच वाकलं. मी म्हटलं आवळू नका, पॅकिंग बदला. नट आधी सगळे हाताने लावायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे. थांबा दूध उतू जातंय

सांगलीची_निशा
आले. हां, तर तेव्हापासून थेंब नाही.

घाटवळण
विषयाला थोडं सोडून. सायकलचं डावं पेडल कोणी सोडवलंय का? उलटे आटे असतात. मी लहानपणी अख्खी दुपार ते आवळत बसलो होतो, तळहाताला फोड आले. आई हळद लावत होती आणि आजोबा शेजारी बसून समजावत होते, डावीकडचं पेडल चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून तसं करतात.

मालवणचो
@घाटवळण माझ्या भावाचीही हीच गोष्ट. आटेच गेले.

दर्यावर्दी
जहाजावर इंजिन रूममध्ये आहे, चार तासांची वॉच (पाळी) आत्ताच संपली. एक कळकळीची विनंती, बोल्ट तापवायला ब्लो टॉर्च लावायच्या आधी गळलेलं तेल पूर्ण पुसा. गरम पृष्ठभागावर तेल उडून लागणारी आग हे आमच्याकडचं सगळ्यात मोठं भय. फडकी दूर, अग्निशामक हाताशी, मगच ज्योत. मोटरसायकल असेल तर पेट्रोलच्या टाकीखाली ज्योत नकोच, उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. आणि परत बसवताना गरम भागातल्या बोल्टच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावा, पुढच्या माणसाचा दुवा मिळेल.

रोहिणी_ठाणे
@दर्यावर्दी दादा, भाचा बारावीला आहे, मरीन इंजिनिअरिंगला जायचं म्हणतो. घरचे घाबरतात. निरोप केला तर बोलाल का?

दर्यावर्दी
@रोहिणी_ठाणे ताई नक्की. नेटवर्क मिळालं की उत्तर देतो.

डिझेल_दादा
बोल्ट अडकला की सगळे डब्ल्यूडी-४० चा फवारा मारतात म्हणून लिहितो. १९५३ साली ते पाणी हटवायला, गंज धरू नये म्हणून बनवलं, नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. थोडं झिरपतं, पण जुन्या गंजाला खास झिरपणारं तेल घ्या आणि रात्रभर वेळ द्या. मारलं आणि लगेच पाना लावला, हे नको.

सांगलीची_निशा
गोटीपानादादा, तुमच्या बोल्टचं काय झालं?

गोटीपाना
सुटला! गाडी पाच मिनिटं चालवली, सहा कोनी गोटी लावली, आधी किंचित आवळायच्या दिशेने. मुलाचा हात खाली, माझा वर. टक् आवाज आला तसा तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. आटे शाबूत आहेत. वायसर चपटा होऊन एका बाजूला चिरलेला, तेल तिथूनच येत होतं. नवा घातला, आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्याने बेताचं. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला होता.

मालवणचो
मग?

गोटीपाना
कोरडा. पोरगा सकाळपासून तीनदा वाकून बघून आलाय.

सांगलीची_निशा
त्याला आमच्याकडून गूळ. नवा हंगाम लागला की पाठवते, पत्ता निरोपात द्या.